थकवा हटत नाही? इम्युनॉलॉजिस्ट कधी गाठावा

जालना एमआयडीसीत रोलिंग मिलच्या भट्टीपुढे पाळी करणारा माणूस दमणारच. पण सुट्टी झाली, झोप झाली, तरी अंग उचलत नाही आणि हे सहा महिने चाललंय, तर क्रॉनिक फटिग सिंड्रोमची शंका घ्यावी. ठळक खूण म्हणजे सोमवारी डबल ड्यूटी केली की माणूस मंगळवारी किंवा बुधवारी कोसळतो. पाळी, काम आणि त्रासाची वेळ वहीत टिपून ठेवा. डॉक्टरला ही वही जाड फाइलपेक्षा जास्त सांगते.

हा आजार पकडणारी रक्ततपासणी अजून नाही. म्हणून आधी फिजिशियन: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, क्षयरोग हे सगळं तपासून घ्यायचं. सांधे सुजत असतील तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट.

न्यूमोनिया, सायनस, कान फुटणं पुन्हापुन्हा होत असेल तरच इम्युनॉलॉजिस्टची वाट धरावी. तो रक्तातली आयजीजी, आयजीए, आयजीएम ही प्रतिपिंडं मोजून प्रतिकारशक्तीतली जन्मजात उणीव शोधतो. असे तज्ज्ञ मोजकेच. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या पावडरींवर पगार उडवू नका.

'रोज थोडं जास्त चाला' हा सल्लाही जपून घ्या. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१मध्ये क्रॉनिक फटिगच्या रुग्णांसाठी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची शिफारस काढून टाकली.

ईएसआयमध्ये नाव असेल आणि वर्गणीची अट पूर्ण होत असेल, तर प्रमाणित आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. रजा टाकण्याआधी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला घ्या.