डब्यातली मुकी माणसं

दिवाळीच्या तोंडावर माळा आवरायला घेतला की प्रत्येक घरात काही ठरावीक वस्तू खाली येतात. चेपलेला बंब, एक कान तुटलेली कढई, कुणाच्या तरी बारशाचा पाळणा, मुलांच्या जुन्या वह्या. काही घरांत मात्र आणखी एक वस्तू निघते. पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे गोल, चपटे डबे. उघडले तर आत काळसर पट्टीची घट्ट गुंडाळी. पोरं ती अंगणभर उलगडून ठेवतात आणि उरलेलं भंगारवाला घेऊन जातो. मैत्रिणींनो, यंदा तुमच्याकडे असा डबा निघाला, तर तो त्याच्या हाती देण्याआधी हे थोडं वाचा.

थिएटरात चालायची ती फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची. तिची यंत्रं अवजड, खर्च मोठा. शिवाय जुन्या काळी ती नायट्रेटची असे, म्हणजे ठिणगी पडली की भडका. २००३ साली पुण्यात अशा नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुन्या चित्रपटांच्या प्रती गेल्या. घरात किंवा शाळेत असली आग कोण ठेवणार? म्हणून अरुंद आणि न भडकणारी फिल्म निघाली. १९२२ साली फ्रान्सच्या पाथे कंपनीने साडेनऊ मिलिमीटरची काढली. तिची भोकं कडेला नाहीत, मधोमध असतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या कोडॅकने १६ मिलिमीटरची आणली, १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची आणि १९६५ मध्ये सुपर ८. बघायला गेलं तर हा आजच्या मोबाइलवरच्या व्हिडिओचा आजोबाच!

या सगळ्याशी माझा संबंध लग्नानंतर आला. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, हायस्कुलात शिक्षक होते. शाळेचा १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर त्यांच्या ताब्यात असायचा. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट मुलांना दाखवायचं काम त्यांचंच. पुढे शाळेने सामानाचं निर्लेखन केलं, तेव्हा तोच प्रोजेक्टर त्यांनी रीतसर विकत घेतला. मग गणपतीत दहा दिवस अण्णा घरी दिसायचे नाहीत. आज या आळीत पिक्चर, उद्या त्या आळीत. भर रस्त्यात दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायचा आणि दोन्ही बाजूंनी माणसं बसायची. माझ्या माहेरच्या गावीही असंच असायचं. पुढची बाजू पुरुषांची, मागची आम्हा बायका-पोरींची. त्यामुळे आम्हाला पाट्या उलट्या दिसायच्या आणि सगळे नायक डावखुरे! पण कुणाची तक्रार नसायची.

अण्णांनी गोळा केलेली रिळं आमच्या मागच्या खोलीत होती. काही मुंबईच्या चोरबाजारातली, काही भंगाराच्या दुकानातून वजनावर आणलेली. अडीच तासांचा पिक्चर १६ मिलिमीटरवर सुमारे ५४०० फूट भरतो, म्हणजे दीड किलोमीटरहून जास्त लांब पट्टी. असे पूर्ण पिक्चर आमच्याकडे थोडेच. बाकी एकेक रीळ, कुणाला सुरुवात नाही, कुणाला शेवट नाही. माझ्या सासूबाई त्याला ‘यांची सवत’ म्हणायच्या.

अण्णा थकले तेव्हा मी शिकून घेतलं. रीळ वरच्या दांडीत अडकवायचं, पट्टी दातेरी चाकांवरून न्यायची आणि दाराच्या वर नि खाली थोडी सैल कमान ठेवायची. ही कमान महत्त्वाची. कारण दिव्यासमोर प्रत्येक चित्र क्षणभर थांबतं, मग झटक्याने पुढे सरकतं. बोलपटाची अशी सेकंदाला २४ चित्रं. कमान नसेल तर पट्टी ताणून फाटते आणि एकाच जागी अडकून बसली तर दिव्याच्या उष्णतेने चित्राला तपकिरी फोड येतो. शिवणाचं मशीन ओवता येणाऱ्या बाईला हे मुळीच अवघड नाही.

२०१९ मध्ये अण्णा गेले. त्यानंतर मी महिन्यातून एका शनिवारी बैठकीच्या खोलीत पडदा लावू लागले. आळीतल्या म्हाताऱ्या बायका, आमच्या बचत गटातल्या काही जणी, अशा पंधरा-वीस जणी येतात. मुरमुऱ्यांचा चिवडा आणि ११ मिनिटांची दोन-तीन रिळं. जुन्या रंगीत प्रतींतला निळा-हिरवा रंग उडून सगळं तांबूस झालेलं असतं. झाडं गुलाबी, आभाळ गुलाबी. ‘सगळ्यांवर कुंकवाचा करंडा सांडलाय जणू,’ असं एक आजी म्हणाल्या तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. घरी टीव्ही असतो, पण तो एकटीने बघायचा. इथे रीळ बदलेपर्यंत गप्पा होतात आणि त्या गप्पांतूनच मला कळतं, कुणाची पेन्शन अडली आहे, कुणाला सून डॉक्टरकडे नेत नाही.

पण खरी गोष्ट निघाली ती एका लहान डब्यातून. अण्णांच्या कपाटात तळाशी तळहाताएवढं एक रीळ होतं, सुपर ८ चं. वर अण्णांच्या अक्षरात फक्त ‘१९७४’. अण्णांचा मामेभाऊ तेव्हा लंडनला होता. आत्याच्या, म्हणजे अण्णांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला तो आला, तो कॅमेरा घेऊन. परत गेल्यावर फिल्म धुऊन त्याने पोस्टाने पाठवली. आपल्याकडे सुपर ८ चं यंत्रच नाही, त्यामुळे ती कुणी पाहिलीच नाही.

आत्यांना हे कळलं आणि त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘त्यात आई असेल का गं?’ आत्यांची आई, म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी, १९७६ मध्ये गेली. तिचा एकही फोटो घरात नाही. लग्नाच्या अल्बममध्ये वरपक्ष आहे, पंगत आहे, बँडवाले आहेत. वधूची आई नाही. ती दिवसभर मुदपाकखान्यात होती ना! माझा नवरा जन्मला त्याच्या आदल्या वर्षी ती गेली, त्यामुळे आजीचा चेहरा त्याला ठाऊकच नव्हता.

डबा उघडला तर आंबट वास आला, थेट व्हिनेगरचा. ही अॅसिटेटच्या फिल्मची म्हातारपणाची खूण. उष्णता आणि दमट हवा लागली की ती आतून कुजते, त्यातून आम्ल सुटतं आणि ते आम्ल कुजणं आणखी वाढवतं. पट्टी आकसते, वाकते, ठिसूळ होते. शेजारच्या चांगल्या रिळांनाही वाफ लागते. यावर औषध नाही. वेग कमी करता येतो, इतकंच.

घरात वाद सुरू झाला. माझ्या मुलाने ओळखीतून सुपर ८ चा प्रोजेक्टर मिळवला. तो म्हणाला, ‘आजच लावून टाकू.’ मी नको म्हटलं. आकसलेल्या पट्टीची भोकं यंत्राच्या दात्यात बसत नाहीत. एकदा फाटली तर जोडायला पुन्हा माणूस आणायचा कुठून? आत्या चिडल्या. ‘मी ७१ वर्षांची आहे. तुमचं ते होईपर्यंत मी राहीन का?’ यावर काय बोलणार? पण मी हट्ट सोडला नाही. रीळ मुंबईतल्या एका स्टुडिओत दिलं. तिथे दातेरी चाकं नसलेल्या यंत्रावर एकेका चित्राचा स्वतंत्र फोटो घेतात. पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे मी रोज आत्यांना फोन करत होते, खरं सांगायचं तर त्या बऱ्या आहेत ना हे बघायला.

पूर्ण रीळ ५० फुटांचं, सेकंदाला १८ चित्रांच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंदांचं. आमच्या हाती ३ मिनिटं १० सेकंद आली. शेवटचा तुकडा एकमेकांना चिकटून गेला होता. रंग मात्र बघत राहावे असे! फिल्म कोडाक्रोम होती. अंधारात ठेवलेली कोडाक्रोम रंगाला फार टिकते.

मांडव, बँड, कुणाचा तरी पाय. आणि मग चुलीपाशी एक बाई. हिरवं नऊवारी, कपाळाला आडवी चिरी, हातात पोळपाट. कॅमेरा बघून तिने आधी पदर तोंडावर घेतला, मग लाटण्यानेच ‘हो बाजूला’ असं दटावलं आणि हसली. आठ सेकंद. म्हणजे मोजून १४४ चित्रं, एकेक तांदळाच्या दाण्याएवढं.

आत्या रडल्या नाहीत. त्या बोलायला लागल्या. ‘पोळ्या करपतील म्हणतेय ती. ते पातेलं शेजारच्यांकडून आणलेलं. मागे उभी आहे ती माझी मावशी, तिच्या पाटल्या गहाण टाकून लग्न केलं माझं.’ हे शेवटचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी मोबाइलवर त्यांचा आवाज टिपून घेतला. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘माझं नाक हिचं आहे.’

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. घरच्या फिल्मला बहुतेक वेळा आवाज नसतो. तो घरातल्या म्हाताऱ्या बाईकडे असतो. पट्टी वाचली आणि ती बाई गेली, तर उरतात ती अनोळखी माणसं. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते तेव्हा सरस्वतीबाई अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या. बाईचा हात या कामात पहिल्यापासून आहे. नाव तेवढं राहून जातं. आमच्या गटातल्या कित्येक जणींचा एकमेव फोटो आधार कार्डावरचा आहे.

गेल्या वर्षी ओळखीच्या दोन घरांतून डबे आले. एकात शाळेच्या स्नेहसंमेलनाचं रीळ निघालं, ते वाचलं. दुसरा उघडला तर आत वीटच! सगळे थर एकमेकांना चिकटलेले. त्यात कोण होतं, आता कधीच कळणार नाही.

म्हणून काही गोष्टी सांगते. फूटपट्टीने रुंदी मोजा. १६ मिलिमीटरला एका कडेला भोकं आणि दुसऱ्या कडेला नागमोडी रेघ असेल तर तो बोलपट. ८ मिलिमीटरची भोकं मोठी असतील तर जुना प्रकार, बारीक असतील तर सुपर ८. आंबट वास येणारे डबे बाकीच्यांपासून लगेच वेगळे काढा. पत्र्याखालचा माळा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराची भिंत या तिन्ही जागा वाईट. घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा बघा. गंजलेला डबा बदला. पट्टी नेहमी कडेने धरा. वास येत असेल तर प्रोजेक्टरवर लावूच नका, आधी स्कॅन करून घ्या. त्याची प्रत दोन ठिकाणी ठेवा आणि मूळ रीळ फेकू नका.

डब्यात घरचं चित्रण नसून जुना पिक्चर निघाला, तरी त्याला मोल आहे. आपल्या देशात १३०० च्या आसपास मूकपट निघाले, त्यातले फारच थोडे उरले. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, मिळेल ते तुकडे जमवून ते उभं केलं. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाखाली आहे. त्यांना कळवायला हरकत नाही. आणि हो, रीळ आपलं म्हणून पिक्चर आपला होत नाही. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो. घरच्यांनी मिळून बघणं वेगळं, तिकीट लावणं वेगळं.

हे सगळं जमलं नाही, तर निदान एक करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला शेजारी बसवा, कोण कोण असेल ते विचारा आणि तिने सांगितलेली नावं डब्यावर लिहून ठेवा. स्कॅन पुढच्या वर्षीही होईल. नावं सांगणारी थांबेलच असं नाही.