घरात रांगतं बाळ आहे? मग खेळणी अशी आवरा

तान्हा पोळा झाला त्याच आठवड्यातली गोष्ट. एक आजी दहा महिन्यांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. लाकडी नंदीच्या गळ्यातला मणी तिने तोंडात घातला होता. खोकल्यासोबत तो बाहेर पडला, म्हणून निभावलं. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, नंदी तं मोठ्या पोराचा होता."

अडचण नेमकी इथेच असते. खेळणी आवरण्याचं पहिलं कारण घर नीटनेटकं दिसणं हे नाही. मोठ्या भावंडाचं खेळणं बाळाच्या हाती लागू नये, हे आहे.

दोन वयं, दोन जागा

तीन वर्षांखालील मुलं प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहतात. त्यांची श्वासनलिका अरुंद असते. म्हणून सगळी खेळणी एकाच टोपल्यात टाकू नका.

- खालचा टोपला बाळाचा: मोठी, एकसंध, धुता येणारी खेळणी.
- वरचा घट्ट झाकणाचा डबा मोठ्या मुलाचा: मणी, कंचे, ठोकळे, छोट्या गाड्या. साधारण साडेचार सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू याच डब्यात ठेवा.
- डबा मोठ्या मुलाला उभं राहून घेता येईल इतपतच उंच ठेवा. कपाटावर ठेवला तर तो चढून काढायला जाईल आणि पडेल.
- जड झाकणाची लोखंडी पेटी नको. झाकण मानेवर किंवा बोटांवर आदळू शकतं.
- उन्हाळ्यात कूलरजवळ खेळणी ठेवू नका. चेंडू काढताना शॉक बसू शकतो.
- तुटलेली खेळणी आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच फेका.

सर्वात धोक्याचा: बटन सेल

बहिरमच्या जत्रेतून किंवा बाजारातून आणलेल्या, दिवे लागणाऱ्या खेळण्यांत चपटे गोल सेल असतात. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते खेळणं घरात ठेवू नका. असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. लाळ गळणं, गिळता न येणं, उलटी ही लक्षणं दिसतात. कधी काहीच दिसत नाही.

नुसती शंका आली तरी एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. उलटी करवू नका, खायला-प्यायला देऊ नका. याला एकच अपवाद आहे: मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, नीट गिळत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर करू नका. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

एकापेक्षा जास्त लोहचुंबक गिळले, तरी तितकीच घाई करा. ते आतड्यांना मध्ये पकडून भोक पाडू शकतात.

घशात अडकलं तर

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, तर:

- एक वर्षाखाली: बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करा.
- एक वर्षावर: मागून धरा आणि बेंबीच्या वर, आत व वरच्या दिशेने झटके द्या.

दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढू नका. ती आणखी आत जाते. दुसऱ्या कुणाला तरी तेवढ्यात १०८ ला फोन करायला सांगा.

खरेदी करताना

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते चिन्ह आणि वेष्टनावर लिहिलेलं वय, दोन्ही पाहा.

रोज झोपण्याआधी पाच मिनिटं मुलांसोबत खेळणी जागेवर ठेवा. मग एकदा स्वतः जमिनीवर बसून दिवाणाखाली बघा. बाळाला जे दिसतं, ते तुम्हाला आधी दिसायला हवं.