मोबाईल नंबरला 'लाँग' का पुरत नाही? सी मधल्या ठरलेल्या मापाच्या इंटिजरची गोष्ट

रामदासपेठ-धंतोली म्हणजे आमच्या नागपुरातला दवाखान्यांचा पट्टा. समजा, तिथल्या एका दवाखान्यासाठी तुम्ही अपॉइंटमेंटचा छोटा प्रोग्राम सी मध्ये लिहिताय. पेशंटचा मोबाईल नंबर ठेवायला 'लाँग' घेतला. तुमच्या लिनक्स लॅपटॉपवर सगळं मस्त चाललं. तोच कोड रिसेप्शनवरच्या विंडोज कॉम्प्युटरसाठी कम्पाइल केला, तर नंबर भलतेच दिसायला लागले आणि आठवणीचा मेसेज पेशंटला गेलाच नाही.

कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नाही. मग झालं काय?

सी चं स्टँडर्ड 'इंट' किंवा 'लाँग' नेमका किती मोठा हे सांगतच नाही. 'इंट' किमान १६ बिटांचा, 'लाँग' किमान ३२ बिटांचा, एवढंच बंधन. ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर 'लाँग' ६४ बिटांचा असतो, ६४ बिट विंडोजवर मात्र ३२ चाच. ३२ बिटांत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. 'अनसाइन्ड' केला तरी ४,२९,४९,६७,२९५. आपले दहा आकडी मोबाईल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळ्यात लहान नंबरसुद्धा किमान ६०० कोटी! ९०० कोटी हा आकडा ३२ बिटांत कोंबला, की वरचे बिट कापले जातात आणि हातात उरतात ४१,००,६५,४०८. एररसुद्धा येत नाही, फार तर कम्पायलर वॉर्निंग देतो.

(खरं तर मोबाईल नंबर मजकूर म्हणूनच ठेवावा. त्याची बेरीज कोण करतंय? पण पैशांत मोजलेली रक्कम किंवा मिलिसेकंदांतली वेळ ठेवतानाही हाच घोळ होतो.)

फोनवरही तेच. ३२ बिट अँड्रॉइडवर 'लाँग' ४ बाइटचा, ६४ बिटवर ८ चा. १ ऑगस्ट २०१९ पासून गूगल प्लेने सी किंवा सी++ चा कोड असलेल्या ॲप्सना ६४ बिट आवृत्ती सक्तीची केली, तेव्हा जुन्या कोडमधली अशी गृहीतकं तपासावी लागली.

उपाय १९९९ च्या सी स्टँडर्डमध्येच आहे: 'स्टडइंट' नावाचं हेडर. ते जोडलं की 'इंट३२_टी', 'इंट६४_टी', 'यूइंट८_टी' असे प्रकार मिळतात (कोडमध्ये अर्थातच रोमन लिपीत लिहायचे). नावातच माप आहे. कुठल्याही मशीनवर 'इंट६४_टी' म्हणजे ६४ बिटच.

हे हेडर येण्याआधी लोक स्वतःच 'टाइपडेफ' करायचे आणि जुन्या कोडमध्ये ते अजून सापडतात. 'लाँग'ला 'इंट३२' असं नाव दिलेलं असतं. ३२ बिटच्या काळात ते बरोबर होतं, ६४ बिट फोनवर तोच 'इंट३२' चुपचाप ६४ बिटांचा होतो. असं काही दिसलं तर सरळ 'स्टडइंट'वर या. ते शक्यच नसेल तर 'स्टॅटिक असर्ट' टाकून माप तपासा. माप चुकलं तर कोड कम्पाइलच होणार नाही.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी वेगळा खड्डा आहे, 'कॅर'चा. 'रामदासपेठ' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट घेतो आणि त्यातली प्रत्येक बाइट १२७ च्या वर असते. पहिलीच बाइट २२४. एआरएमच्या अँड्रॉइड फोनवर साधा 'कॅर' तिला २२४ म्हणतो, पण इंटेलच्या पीसीवर तीच बाइट उणे ३२ होते! ती एखाद्या टेबलचा इंडेक्स म्हणून वापरली की प्रोग्राम टेबलच्या बाहेरची मेमरी वाचतो. इंग्रजी अक्षरं १२७ च्या आतच असल्यामुळे इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला हे कधी दिसतच नाही. म्हणून बाइट वाचताना 'यूइंट८_टी' घ्या.

सगळीकडे मात्र हे प्रकार भरू नका. लूप मोजायला 'इंट' पुरतो. डेटा फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर जाणार असेल तिथे माप पक्कं हवं, आणि तिथे बाइटचा क्रमही वेगळा ठरवावा लागतो, कारण 'स्टडइंट' तो ठरवून देत नाही.