पळणारा 'रन' आणि बसणारा 'सेट'

सांगा पाहू, इंग्रजीतल्या कोणत्या शब्दाला सर्वांत जास्त अर्थ आहेत? तुमच्या डोळ्यांसमोर एखादा लांबलचक शब्द आला असेल. पण या स्पर्धेत पुढे आहेत दोन चिमुकले शब्द, 'रन' आणि 'सेट'.

1989 मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती 20 खंडांत निघाली, तेव्हा पहिला नंबर 'सेट'चा होता. त्याचे 430 अर्थ नोंदवले गेले होते. पुढे कोशाचे काम नव्याने सुरू झाले आणि 'रन'ने बाजी मारली. संपादक पीटर गिलिव्हर यांनी नऊ महिने खपून 'रन' या क्रियापदाचे 645 अर्थ वेगळे केले!

घाबरू नका, हे पाठ करायचे नाहीत. फक्त शब्दाचा स्वभाव ओळखायचा. 'रन' म्हणजे पळणे. म्हणून जे जे वाहते किंवा चालू असते, ते 'रन' होते. नळाचे पाणी, सर्दीत नाक, रस्त्यावर बस, कारखान्यात यंत्र. दुकान चालवणे हेही 'रन'च.

'सेट'चा स्वभाव उलटा, जागच्या जागी बसण्याचा. दही लागते, अंगठीत खडा बसतो, डॉक्टर मोडलेले हाड बसवतात, आपण अलार्म लावतो. इंग्रजीत हे सगळे 'सेट'. सूर्य मावळतो, तोही 'सेट'. कपबशांचा 'सेट' मात्र वेगळ्या घराण्यातला, तो जुन्या फ्रेंचमधून आला.

मुले वहीत एका शब्दासमोर एकच अर्थ लिहितात आणि उताऱ्यात तोच शब्द वेगळा भेटला की अडतात. अशा वेळी शब्दाच्या शेजाऱ्यांकडे बघायला शिकवा. 'रन अ फीवर' म्हणजे अंगात ताप असणे. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणे; बसका 'सेट'ही 'ऑफ'च्या सोबतीने चालू लागतो. फलंदाज 'रन आउट' होतो आणि घरातले दूधही. शब्द तेच, पण वाक्य बदलले की अर्थ बदलतो.

आपल्या मराठीत तरी काय वेगळे आहे? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, लग्न लागते आणि आगही लागते. शेजारच्या कानडी किंवा बंगाली मित्राला 'लागणे'चा अर्थ एका शब्दात सांगून बघा.

आज जेवताना घरातल्या सगळ्यांनी मिळून 'लागणे'चे आणखी दहा उपयोग शोधा. आजी-आजोबांना नक्की सोबत घ्या, त्यांना सर्वांत जास्त आठवतील.