नाचणगाव : खानेसुमारीत शहर, कारभारात खेडे

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी धामणगाव सोडते आणि थोड्याच वेळात वर्धा नदीचा पूल ओलांडते. अमरावती जिल्हा संपतो, वर्धा जिल्हा लागतो आणि स्टेशन येते पुलगाव. गावाला नावही या पुलावरूनच मिळालेले. पुण्या-मुंबईच्या प्रवाशाला पुलगाव ठाऊक असते ते एवढेच. फार तर तिथल्या लष्करी दारूगोळ्याच्या कोठारामुळे. पण स्टेशनाच्या दक्षिणेला दोन मैलांवर नाचणगाव नावाची वस्ती आहे. सरकार माणसे कशी मोजते आणि मोजून झाल्यावर त्यांच्या पदरात काय पडते, हे समजून घ्यायचे तर या वस्तीकडे पाहावे.

वयाने नाचणगाव थोरले, पुलगाव धाकटे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत नाचणगावच्या दगडी तटाच्या, किल्ल्यासारख्या सराईचे वर्णन आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि नशीब स्टेशनाकडे सरकले. पुलगावला कापसाचा बाजार आला, सूत-कापडाची गिरणी आली, नगरपालिका आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याचे कोठार आले. पुढे गिरणी बंद पडली. कोठार मात्र राहिले. म्हातारी आई कर्त्या लेकीच्या घराशेजारी राहावी, तसे थोरले नाचणगाव धाकट्या पुलगावचे उपनगर होऊन बसले.

खानेसुमारीच्या खात्याने हा बदल ओळखला. लोकवस्ती किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि कमावत्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात, या तीन कसोट्यांना उतरणाऱ्या गावाला ते खाते शहर म्हणते. २००१ च्या खानेसुमारीत नाचणगाव शहरांच्या यादीत होते. पण ही पदवी फक्त कागदावरची! तिच्यामुळे नगरपालिका मिळत नाही, नगराध्यक्ष मिळत नाही. कारभार राहतो ग्रामपंचायतीचाच.

आता ग्रामपंचायतीचा हिशेब पाहा. महाराष्ट्रात सदस्यांची संख्या ७ पासून सुरू होते आणि लोकवस्ती ७,५०० च्या वर गेली की १७ वर थांबते. नाचणगावची वस्ती या आकड्याच्या कितीतरी पुढे गेलेली आहे. वस्ती दुप्पट होवो की तिप्पट, पंच वाढत नाहीत; मात्र गटारे, दिवे, नळ आणि कचरा वाढतच जातो. गावाची घरकुल योजना वेगळी, शहराची वेगळी. गावाच्या पाणीपुरवठ्याचे पैसे एका खात्यातून, शहराचे दुसऱ्या. धंद्याने शहरी आणि दफ्तरात ग्रामीण असलेल्या कुटुंबाची यात ओढाताण होते.

मग नगरपंचायत का मागू नये? प्रश्न रास्त आहे, पण तिलाही दुसरी बाजू आहे. नगरपंचायत आली की घरपट्टी वाढण्याची धास्ती असते. ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला जाब विचारण्याचा हक्क जातो. जिल्हा परिषदेचे मतही जाते. हातचे सोडून पळत्यापाठी धावावे का, याचा विचार गरीब घर आधी करते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

विधानसभेच्या राजकारणातही हा भाग पडद्याआडचा नाही. पूर्वी मतदारसंघाचे नावच पुलगाव होते. इथून अनेकदा निवडून आलेल्या प्रभा राव १९७९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या पहिल्या महिला विरोधी पक्षनेत्या झाल्या आणि पुढे हिमाचल प्रदेश व राजस्थानच्या राज्यपाल. २००८ च्या पुनर्रचनेनंतर मतदारसंघाला देवळी हे तालुक्याचे नाव मिळाले. २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये काँग्रेसचे रणजित कांबळे निवडून आले. त्यांतली २०१४ ची लढत तर हजार मतांच्या आत निकालात निघाली. २०२४ मध्ये भाजपचे राजेश बकाने यांनी ही जागा जिंकली. त्याच वर्षी लोकसभेला मात्र वर्धा मतदारसंघाने राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे अमर काळे यांना दिल्लीला पाठवले होते. सहा महिन्यांच्या आत वारे असे फिरते! १९९१ मध्ये याच वर्ध्याने मार्क्सवादी रामचंद्र घंगारे यांनाही निवडून दिले होते. इथला मतदार कोणाच्या खिशात बसणारा नाही.

पण मतदार कितीही जागरूक असला, तरी जागा किती हे शेवटी शिरगणती ठरवते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. वर्धा जिल्ह्याची वाढ होती अवघी पाच टक्के : १२,३६,७३६ वरून १३,००,७७४. २००८ च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ वर आल्या. त्याच वेळी एकट्या ठाणे जिल्ह्याच्या १३ वरून २४ झाल्या. रोजगारासाठी मुले मुंबई-पुण्याकडे जातात, त्यांच्यामागोमाग आमदारही जातात, असेच म्हणायचे! ठाण्या-पुण्याच्या वाचकांनी आपल्या वाढलेल्या आमदारांकडे पाहताना ही बाजूही ध्यानात ठेवावी.

२०२१ ची खानेसुमारी झालीच नाही. ती २०२७ मध्ये घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. गणनेसाठी धरलेला दिवस १ मार्च २०२७. घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीने राज्याराज्यांतील जागांची वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत गोठवली होती. म्हणजे या मोजणीतला एकेक माणूस पुढच्या अनेक निवडणुकांचा तोल ठरवू शकतो.

म्हणून नाचणगावचा प्रश्न एका गावापुरता नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी मोठ्या गावांच्या कडेने अशा वस्त्या उभ्या आहेत : दिवसा शहरात राबणाऱ्या, रात्री खेड्यात निजणाऱ्या. गणना करणारा दारी येईल तेव्हा घरातली सगळी माणसे आणि त्यांचा खरा धंदा नीट सांगणे, एवढे तर प्रत्येक घराच्या हातात आहे. मोजलेल्या माणसाला त्याच्या गरजेइतके पाणी, दिवा आणि पंच देणे हे मात्र सरकारच्या हातात. पहिले काम दोन-चार वर्षांत उरकेल. दुसऱ्याची आठवण मतदारानेच दर निवडणुकीला द्यावी लागेल.