साडेचारशे किलोमीटरच्या आधी

"ताई, गुडघा पुढून दुखतो का मागून?" सायकलवाल्या काकांनी विचारलं. मी वाटीवर हात ठेवला. "मग सीट खाली आहे तुमची. मागून दुखला असता तर वर आहे म्हणालो असतो." त्यांनी सीटचा दांडा बोटाच्या पेराएवढा वर घेतला, मला भिंतीला धरून सायकलवर बसवलं आणि पॅडल उलटं फिरवायला लावलं. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकतो. तेवढंच वाकणं पुरे. दांड्यावर त्यांनी काळ्या चिकटपट्टीची खूण केली. त्याआधी दोन वर्षं मी गुडघ्याला तेल चोळत होते.

दर डिसेंबरात आमचा गट पुण्याहून गोव्याला सायकलने जातो. सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि मग पणजी. चार दिवस, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. या निमित्ताने ओळखीच्यांकडून देणग्या जमवतो आणि शाळा लांब असलेल्या गावांतल्या मुलींना सायकली देतो. नोव्हेंबर लागला की नव्याने येऊ पाहणाऱ्यांचे फोन सुरू होतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: पायात एवढी ताकद कशी आणायची?

पायांची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. चार दिवसांच्या राईडमध्ये पाय दमतात, पण रात्री झोपले की सकाळी पुन्हा उभे राहतात. माणूस राईड सोडून मागून येणाऱ्या गाडीत बसतो तो दुसऱ्याच कारणांनी. बूड सोलवटतं, करंगळी बधिर होते, पोट बिघडतं, नाहीतर भर उन्हात अंगातलं सगळं संपून जातं. तयारी या गोष्टींची करायची.

बैठकीपासून सुरुवात करू. सीट मऊ हवी असं सगळ्यांना वाटतं. पण मऊ गादीत हाडं रुततात आणि भार भलत्याच जागी येतो. बसताना टेकणाऱ्या दोन हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. बायकांचं बहुधा जास्त असतं, म्हणून सीट रुंदी बघून निवडावी. पॅड असलेली शॉर्ट थेट अंगावर घालायची, आत दुसरं काही नाही. हे सांगताना नव्या मुली लाजतात, पण आतल्या शिवणीने पहिल्याच दिवशी कातडी सोलली की पुढचे तीन दिवस सहन करावे लागतात. घासणाऱ्या जागी व्हॅसलिन लावावं, मुक्कामी पोचल्यावर पहिल्यांदा आंघोळ करावी आणि रोज धुतलेली, कोरडी शॉर्ट घालावी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं तर तळहाताच्या कडेने जाणारी नस दाबली जातेय असं समजावं. हँडलवर भार टाकून बसायची सवय मोडायची, कोपर सैल ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी पकड बदलायची.

सरावाला आम्ही बारा आठवडे धरतो. आठवड्याचं एकूण अंतर साधारण एक दशांशाने वाढवत न्यायचं आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं, कारण स्नायू भरून येतात ते विश्रांतीत. पुण्यात सरावाला चढांची कमी नाही. बोपदेव आहे, जुना कात्रज घाट आहे, सिंहगडाचा रस्ता आहे. एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगते: रविवारी एकदाच दीडशे किलोमीटर मारून आलेल्यापेक्षा शनिवारी सत्तर आणि रविवारी सत्तर केलेला माणूस गोव्याला सुखाने पोचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग आंबलेलं असताना पुन्हा सीटवर बसणं हाच खरा सराव. चढावर जड गिअर रेटू नये. गिअर हलका करून पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्यांनी फिरत ठेवले की गुडघे वाचतात.

खाण्याच्या बाबतीत हुशार माणसंही फसतात. स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा जो साठा असतो तो नेटाने सायकल चालवली तर दीड-दोन तासांत उतरणीला लागतो. तो संपला की डोळ्यांपुढे अंधारी येते, हात थरथरतात, चिडचिड होते. मग कितीही खाल्लं तरी अर्धा-पाऊण तास सावरायला लागतो. म्हणून भूक लागायच्या आधी खायचं. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं हे माप धरलं तर एक मध्यम केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू, किंवा चार-पाच खजूर आणि थोडी चिक्की एवढ्यात काम होतं. आपल्या डब्यातल्या या गोष्टी परदेशी जेलच्या पुड्यांना कुठेच कमी नाहीत.

पाण्याचंही तसंच. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. अती पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून माणूस गंभीर आजारी पडू शकतो. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवायची. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. पुडी अर्ध्या बाटलीत टाकून घट्ट पाणी पिणारे लोक मी बघितलेत; त्याने तहान वाढते आणि पोट ढवळतं. कोल्हापूरच्या मुक्कामात तांबड्या रश्श्यापुढे हात आवरणं अवघड असतं हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या दिवशी आंबोलीपर्यंत जायचं असतं, म्हणून आम्ही तिथे दहीभात किंवा साधं वरण-भात-भाजी खातो. जे सरावात खाल्लेलं नाही ते राईडच्या दिवशी खायचं नाही.

या रस्त्याला त्याचे स्वतःचे धोके आहेत. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. कराडच्या पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लागतात. मागे दिवा नसतो आणि बाहेर आलेले ऊस खांद्याच्या उंचीला लोंबत असतात. पहाटेच्या अंधारात ते अगदी जवळ गेल्यावर दिसतात. म्हणून उजाडल्याशिवाय आम्ही निघत नाही. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवतो आणि शेजारी-शेजारी गप्पा मारत जाणं महामार्गावर पूर्ण बंद. सगळ्यात मागे एक अनुभवी माणूस राहतो. शेवटच्याच्या मागे राहायचं आणि कुणी थांबला की थांबायचं, एवढंच त्याचं काम. १०८ आणि महामार्गाचा १०३३ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात. तसेच ते कागदावर लिहून खिशातही ठेवतो, कारण फोनची बॅटरी नको तेव्हा संपते.

आंबोलीहून दाणोलीकडे उतरताना धुकं असतं आणि सावलीतल्या वळणांवर रस्ता ओला असतो. तिथे ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही आणि नजर वळण संपतं तिथे ठेवायची.

आणि पंक्चर. शिरवळच्या पुढे एकदा माझी मागची ट्यूब गेली. नवी घातली, हवा भरली, दोन किलोमीटरवर ती पण गेली. तिसरी ट्यूब उसनी घेताना बरोबरच्या एका मुलाने विचारलं, "मावशी, टायरच्या आतून बोट फिरवलंत का?" नव्हतं फिरवलं. त्याने हातमोजा काढला, टायर उलटा केला आणि आतल्या बाजूने हळूहळू बोट नेलं. एका जागी थांबला आणि नखाने एक तार उपसून काढली, केसाएवढी बारीक, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या अशा तारा महामार्गाच्या कडेला विखुरतात, आणि सायकली कडेनेच चालतात. ती तार काढली नसती तर तिसरी ट्यूबही गेली असती. तेव्हापासून नव्यांना मी घरी, दिवाणखान्यात बसून मागचं चाक काढून ट्यूब बदलायला लावते. मागचंच, कारण पुढचं सोपं असतं. वीस मिनिटांत जमेपर्यंत त्यांचं नाव यादीत पक्कं होत नाही.

आता पैशांविषयी. चांगल्या राईडचं नाव खराब होतं ते बहुतेक वेळा हिशेबाने. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बिली स्टार नावाच्या तरुणाची आई कर्करोगाने गेली. १९८० साली त्याने पस्तीस मित्रांना घेऊन स्प्रिंगफिल्डहून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सायकली नेल्या आणि बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी १०,२०० डॉलर जमवले. हीच पुढे पॅन-मास चॅलेंज झाली आणि आजवरची तिची रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. त्यांची मला सर्वांत पटलेली गोष्ट अशी की सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर संस्थेला जातो आणि आयोजनाचा खर्च वेगळ्या प्रायोजकांकडून भागवला जातो.

आम्ही लहान माणसं, पण नियम तोच ठेवलाय. मुक्काम, जेवण, गाडीचं डिझेल प्रत्येकाने आपल्या खिशातून द्यायचं. देणगीतला एक रुपया त्यात जात नाही. देणगी थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाते, आमच्या कुणाच्याही वैयक्तिक क्यूआर कोडवर नाही. संस्थेला ८०जीची मान्यता आहे का, पावती कधी मिळेल, हे आधी विचारून घ्यावं. रोखीने दोन हजारांच्या वर दिलेल्या देणगीला करसवलत मिळत नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगावं. संस्थेऐवजी मित्रमंडळाच्या नावाने वर्गणी काढायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी लागते. गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे पाठ असतं, सायकलवाल्यांना बहुधा माहीत नसतं. परदेशातल्या भावाला किंवा भाचीला पैसे पाठवायला सांगण्याआधीही संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी आहे का ते पाहावं लागतं. ते परदेशी नागरिक झाले असतील तर त्या नोंदणीशिवाय त्यांची देणगी घेता येत नाही.

सायकलीच का, असं देणगीदार विचारतात. विचारायलाच हवं. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगे आणि मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, आणि हा फरक मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत दिसला. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, पण त्या ठरावीक तालुक्यांतच. जिथे ती योजना नाही आणि शाळा लांब आहे, तिथली गावं आम्ही शोधतो. कॅरिअर, घंटी आणि कुलूप असलेली साधी लेडीज सायकल पाच-सहा हजारांत येते. देणगी मागताना मी किलोमीटर सांगत नाही, हा आकडा सांगते.

पहिल्या वर्षी आमची एक मोठी चूक झाली. सायकली दिल्या, फोटो काढले, परत आलो. चार महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या शाळेत गेले तर निम्म्या सायकली भिंतीला टेकलेल्या, टायर जमिनीला बसलेले. एक मुलगी म्हणाली, "ताई, हवा कुठं भरायची? बाजाराच्या गावाला नेऊन आणावी लागती. पप्पांना सुट्टी नसती." बाजाराचं गाव सहा किलोमीटरवर. रस्ता बाभळींमधून. आमच्या स्वतःच्या राईडला आम्ही दोन पंप, चार ट्यूब आणि मागे गाडी घेऊन निघालो होतो, आणि त्यांच्यासाठी कुणालाच पंप सुचला नव्हता.

आता यादीत प्रत्येक शाळेमागे पायाने मारायचा एक पंप असतो. पाने, पॅच, सोल्युशन, कानस आणि व्हॉल्व्हच्या रबरी नळ्यांची पिशवी असते. वाटपाच्या दिवशी भाषणं काढून टाकली. तो वेळ सायकल उलटी करून शिकवण्यात जातो. सीट ज्या मुलीची तिच्या उंचीला लावून द्यायची, कारण दुकानातून आलेल्या सगळ्या सीटा एकाच उंचीला असतात आणि आठवीतल्या मुलींची उंची एक नसते. मग ट्यूब काढायची, पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. यंदा एका दोन वेण्यांच्या मुलीने पॅच लावून झाल्यावर ट्यूब टायरमध्ये घालायला घेतली. मी तिला थांबवलं आणि टायरच्या आतून बोट फिरवायला सांगितलं. तिने डोळे मिटून बोट फिरवलं, अर्ध्यावर थांबली, आणि दोन नखांत धरून बाभळीच्या काट्याचं टोक बाहेर काढलं. ते तळहातावर ठेवून ती बाकीच्या मुलींना दाखवत वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली.