व्हिडिओत समजलेलं रसायनशास्त्र पेपरात का अडतं?

बडोद्यातल्या निजामपुऱ्यातून छाणीच्या बाजूला निघालं की थोड्याच अंतरावर फर्टिलायझरनगर लागतं. तिथल्या जीएसएफसीच्या कारखान्यात नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया तयार होतो आणि अमोनियापासून युरिया. संध्याकाळी निजामपुऱ्यातल्या घराघरांत अकरावी सायन्सची मुलं हीच अभिक्रिया मोबाइलवर बघत बसलेली असतात. समीकरण तोंडपाठ असतं आणि व्हिडिओतल्या सरांची पायरी न् पायरी पटलेली असते. तरीही चाचणीत गणित चुकतं आणि घरात वाद सुरू होतो. आईबाबा म्हणतात, मोबाइलनेच घात केला. मुलगी म्हणते, या सरांचं नीट कळत नाही, दुसरा चॅनेल लावते. माझ्या मते दोघांचंही निदान चुकतं.

‘बघितलं, समजलं, म्हणजे आलं’ हा यातला सगळ्यात मोठा गैरसमज. मायकल कार्डास आणि एड ओब्रायन या शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. लक्ष्यावर डार्ट फेकण्याचा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला, तर काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांचा ‘मला जमेल’ हा विश्वास चांगलाच वाढला, प्रत्यक्ष जमण्यात मात्र फरक पडला नाही. समजल्याची भावना खोटी नसते. ती फक्त समोरच्याचं बरोबर आहे एवढंच सांगते, आपल्याला येतं की नाही हे सांगत नाही.

अमोनियाचंच गणित घेऊ. 14 किलो नायट्रोजन आणि 5 किलो हायड्रोजन यांची पूर्ण अभिक्रिया झाली, तर अमोनिया किती मिळेल? मुलं पटकन म्हणतात, हायड्रोजन कमी आहे, तोच आधी संपणार, तोच लिमिटिंग रिएजंट. मग त्यावरून हिशेब करतात. 5 किलो हायड्रोजन म्हणजे 2500 मोल. तीन मोल हायड्रोजनमागे दोन मोल अमोनिया, म्हणून सुमारे 1667 मोल. गुणिले 17 ग्रॅम, उत्तर सुमारे 28.3 किलो. आकडेमोडीत कुठेही चूक नाही. पण आपण आत घातले एकूण 19 किलो आणि बाहेर आले 28, हे होईलच कसं?

आता मोलमध्ये बघा. 14 किलो नायट्रोजन म्हणजे 500 मोल. त्याला हायड्रोजन लागतो 1500 मोल आणि आपल्याकडे आहे 2500. म्हणजे संपतो तो वजनाने जवळजवळ तिप्पट असलेला नायट्रोजन. अमोनिया मिळतो 1000 मोल, म्हणजे 17 किलो. हायड्रोजन उरतो 1000 मोल, म्हणजे 2 किलो. 17 आणि 2 मिळून 19, हिशेब चोख जुळला. व्हिडिओत ही अडचण जाणवतच नाही, कारण सर पहिल्याच ओळीत किलोचे मोल करून मोकळे होतात. मोल का करायचे, हा प्रश्न आपण स्वतः चुकल्याशिवाय पडत नाही. (कारखान्यात एका फेरीत सगळा वायू वापरला जात नाही. उरलेला पुन्हा आत फिरवतात. ‘पूर्ण अभिक्रिया’ ही पुस्तकातली सोय आहे.)

यावर काही पालक दुसऱ्या टोकाला जातात आणि सोडवलेलं उत्तर बघायचंच नाही असा दंडक घालतात. तोही गैरसमजच. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणितात दाखवून दिलं की विषय नवा असताना सोडवलेली उदाहरणं अभ्यासणाऱ्यांची प्रगती नुसत्या झटापटीपेक्षा चांगली होते. तेव्हा पहिली दोन-तीन गणितं सरांबरोबर खुशाल बघावीत. पुढच्या गणिताला पहिली ओळ मांडून झाली की व्हिडिओ थांबवायचा, वही पुढे ओढायची आणि उत्तर आल्यावरच पुढचं बघायचं.

‘एक धडा घोटून घोटून पक्का करायचा, मग पुढचा’ ही शिस्त तर घरोघरी वाखाणली जाते. डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये ती तपासली, गणितातल्या घनफळांच्या उदाहरणांवर. एकाच प्रकारची उदाहरणं सलग सोडवणाऱ्यांची सरावात 89 टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची फक्त 60 टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटलं. सलगवाले 20 टक्क्यांवर आले, मिसळलेले 63 टक्क्यांवर होते. कारण सरळ आहे. धड्याच्या शेवटी दिलेल्या गणितात कोणतं सूत्र लावायचं हे धड्याचं नावच सांगून टाकतं. जेईई, नीट किंवा गुजसेटच्या पेपरात ते आपल्यालाच ओळखावं लागतं. म्हणून समतोलाच्या गणितांमध्ये मोलची दोन आणि ऊष्मागतिकीचं एक मुद्दाम घुसवावं. सरावात मार्क कमी पडतील, ते पडू द्यावेत.

‘गुळगुळीत शिकवतो तो व्हिडिओ उत्तम’ हेही तपासून घ्यायला हवं. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर पीएचडी केली. नितळ स्पष्टीकरण मुलांना आवडलं, पण त्यांच्या डोक्यातली चुकीची कल्पना तशीच राहिली. ज्या व्हिडिओत ती चूक आधी बोलून दाखवली आणि मग खोडली, तो मुलांना जड गेला, पण शिकणं त्यातून झालं. रसायनशास्त्रात अशी एक हट्टी कल्पना आहे: बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. जीवशास्त्रात एटीपीबद्दल ऐकून ती आणखी घट्ट बसते. वस्तुस्थिती अशी की बंध तोडायला ऊर्जा नेहमी घालावीच लागते, आणि ती बाहेर पडते बंध जुळताना. अमोनियातच बघा. एक मोल नायट्रोजनचे बंध तोडायला सुमारे 946 किलोज्यूल, तीन मोल हायड्रोजनचे तोडायला सुमारे 1308, एकूण 2254. नायट्रोजन-हायड्रोजनचे सहा मोल नवे बंध जुळताना सुमारे 2346 बाहेर पडतात. हातात येते ती फक्त 92 किलोज्यूलची शिल्लक. ही वजाबाकी ज्याने एकदा स्वतः केली, त्याला ऊष्माग्राही आणि ऊष्मादायी वेगळं पाठ करावं लागत नाही.

बडोद्याच्या मराठी घरात आणखी एक अडचण असते आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. घरात मराठी, शाळेच्या आवारात गुजराती, पुस्तक इंग्रजी, व्हिडिओतले सर हिंदी. ‘भाषा कुठलीही असो, शास्त्र तेच’ असं आपण म्हणतो. पण महाराष्ट्रात शिकलेले आजोबा ज्याला अणू म्हणतात त्याला हिंदी आणि गुजरातीत परमाणू म्हणतात, आणि तिथला अणू म्हणजे आपला रेणू. ऑक्सिजनचे एक मोल अणू आजोबांच्या हिशेबाने 16 ग्रॅम भरतात, व्हिडिओतल्या सरांच्या हिशेबाने 32. मुलगी गोंधळली तर तो तिच्या बुद्धीचा दोष नाही. ऐकावं हव्या त्या भाषेत, लिहावं मात्र परीक्षेच्या भाषेत, आणि वहीत शब्दाशेजारी चिन्ह लिहावं. ओ आणि ओ-टू लिहिलं की वाद मिटतो. या शहराला हा प्रश्न नवा नाही. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्यात कलाभवन सुरू झालं. ते उभं करणारे त्रिभुवनदास गज्जर स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. तांत्रिक विषयांची पुस्तकं गुजराती आणि मराठीत व्हावीत म्हणून त्यांनी कष्ट घेतले. पुढे 1907 मध्ये अलेंबिक कंपनीच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता.

दीडपट वेगाने बघितलं तर काही कळत नाही, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. ओळखीचा भाग वेगाने बघावा आणि वाचलेला वेळ वहीला द्यावा.

प्रात्यक्षिकाबद्दल मात्र ठाम बोलायला हवं. टायट्रेशनचा व्हिडिओ आदल्या रात्री जरूर बघावा, म्हणजे प्रयोगशाळेत पायऱ्या शोधत बसावं लागत नाही. पण फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग टिकला की एका थेंबाने पुढे गेलं, हे ब्युरेटची तोटी स्वतःच्या बोटांनी फिरवल्यावरच कळतं. ब्युरेट वाचणंही तसंच: रंगहीन द्रावणात वक्र पृष्ठभागाची खालची कड वाचायची. पोटॅशियम परमँगनेटच्या गडद जांभळ्या द्रावणात ती दिसतच नाही, म्हणून तिथे वरची कड वाचायची, आणि सुरुवातीला वरची वाचली असेल तर शेवटीही वरचीच.